अकरा विहिरींचा संशय

सरलाताई पागे यांचा कोणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नाही, पंचांगावर नाही, आणि स्वतःच्या जावयावर तर मुळीच नाही. भटजींनी मुहूर्त सांगितला की त्या तो दुसऱ्या पंचांगात ताडून बघायच्या, आणि दोन्ही जुळले तर म्हणायच्या, "दोघं मेले एकाच ठिकाणाहून नक्कल करतात!" झाशीत खंडेराव गेटजवळच्या आमच्या गल्लीत भाजीवाला त्यांना लांबून ओळखायचा आणि वजनं आधीच पुसून ठेवायचा. संशयाला औषध नाही, असं जग म्हणतं. सरलाताई म्हणायच्या, अहो, संशय हेच औषध आहे, सकाळ-संध्याकाळ घ्या, कुणी फसवायचं नाही.

आता माणूस काही पाळण्यातून असा उतरत नाही. एकोणिसाव्या वर्षी त्या एका सरकारी कचेरीच्या नकाशाविभागात ट्रेसर म्हणून लागल्या. मूळ नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची, हे काम. हात इतका स्थिर की साहेब लोक बाहेरच्या पाहुण्यांना त्यांचं टेबल दाखवायला आणायचे. त्या नकाशांत गुरसरायकडच्या एका नाल्यावर एक बंधारा होता. दर वर्षी नकाशाची नवी प्रत निघायची आणि दर वर्षी सरलाताई तो बंधारा दुहेरी रेघेत काढायच्या. असा नऊ वर्षं काढला. मग एकदा चुलतबहिणीच्या लग्नाला गुरसरायला जाताना बस बंद पडली ती नेमकी त्याच नाल्यापाशी. सरलाताई हौसेने उतरल्या, आपला बंधारा बघायला! नाला होता, म्हशी होत्या, बंधारा नव्हता. एका म्हाताऱ्या गुराख्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. इथे कधी वीट पडली नाही म्हणाला. परत येऊन त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "नक्शे में है न? तो है."

त्या दिवसापासून बाईंचा विश्वास जो उडाला, तो उडालाच. आणि मी म्हणेन, बरोबरच उडाला.

निवृत्त झाल्यावर वर्षभर त्यांनी घरातल्यांना पुरेसा त्रास दिला. मग शेजारच्या मोघ्यांचा कौशिक एक दिवस आला. कौशिकची झाशीतच सीपरी भागात एक संस्था होती, 'पोखर' नावाची. पोखर म्हणजे तळं. झाशीच्या आसपासची जुनी तळी आणि विहिरी वाचवायच्या, गाळ काढायचा, फुटलेले चौथरे बांधून द्यायचे, असं तिचं काम. कौशिक म्हणाला, "मावशी, आमच्याकडे चारशे विहिरींची माहिती आहे. ती सहा वह्यांत, तीन फोनांत आणि एका माणसाच्या डोक्यात आहे. आणि तो माणूस नोकरी सोडून गेला."

सरलाताईंचे डोळे लकाकले. इतका घोळ त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

संस्थेत मुग्धा नावाची चोवीस वर्षांची मुलगी होती. घरी मराठी ऐकायची, पण बोलायला गेली की दुसऱ्या वाक्यात हिंदीत उतरायची. तिने सरलाताईंना संगणकासमोर बसवलं आणि म्हणाली, "मावशी, हे खाली सॅटेलाइटचं चित्र. इसके ऊपर दूसरी लेयर. त्याच्यावर अजून एक."

"म्हणजे कापड," सरलाताई म्हणाल्या.

"हां, कापड ही समझ लो."

मग काय विचारता! चार महिन्यांत बाई त्यात अशा मुरल्या की मुग्धाच त्यांना विचारून काम करू लागली. प्रत्येक विहिरीला एक नंबर, नकाशावर एक बिंदू. बिंदूवर बोट ठेवलं की विहिरीचं सगळं उघडायचं. घेर किती, पाणी किती खोल, चौथरा शाबूत की फुटका, फोटो, आणि माहिती कोणी घेतली. गावोगावचे कार्यकर्ते फोनवर फॉर्म भरायचे आणि फोन आपोआप जागा टिपून पाठवायचा. सरलाताईंनी आपल्या मनाने त्यात आणखी एक गोष्ट घातली. कार्यकर्त्याने फॉर्म किती वाजता उघडला आणि किती वाजता बंद केला, हेही नोंदलं जाऊ लागलं. ही गोष्ट त्यांनी कार्यकर्त्यांना सांगितली नाही. सांगून पकडतात का कुणाला?

आणि एप्रिल अर्धा सरल्यावर त्यांना जानकी सापडली.

जानकी देवी. मोठ नावाच्या तहसिलीतली वीस गावं तिच्याकडे होती. वय तिशीच्या थोडं पुढे, दहावी झालेली, नवरा सुरतेला कामाला. दोन मुलींना घेऊन मोठला भाड्याच्या खोलीत राहायची, आणि मुलींची शाळा चालायची ती ह्या नोकरीवर. संस्थेची नेमणूक वर्षाची असे, दर एप्रिलच्या शेवटी नवी व्हायची. जानकीने त्रेसष्ट विहिरींचे फॉर्म भरले होते. सरलाताईंनी तिचे बिंदू उपग्रहाच्या चित्रावर टाकले. बावन्न बिंदू विहिरींच्या बरोबर काळ्या गोलावर बसले. अकरा बसले नाहीत. कुठला चाळीस मीटर बाजूला, कुठला साठ. एक झाडाखाली, एक कुणाच्या गोठ्यामागे, एक चक्क रस्त्यावर.

"सिग्नलची गडबड असेल," मुग्धा म्हणाली.

"सिग्नलची गडबड अकरा वेळा एकाच बाईला होते?"

त्यांनी फोटो उघडले. त्या अकराही विहिरींचे फोटो लांबून, ओढून मोठे केलेले. एकातही विहिरीचं तोंड आतून दिसत नव्हतं. पण पाण्याची खोली मात्र लिहिलेली, तीही नुसती मीटरात नाही, सेंटिमीटरपर्यंत! लांब उभं राहून विहिरीच्या पोटातलं पाणी सेंटिमीटरने कसं कळतं हो? मग त्यांनी वेळा काढल्या. एरवी जानकी एका विहिरीला सात-आठ मिनिटं घ्यायची. या अकरा विहिरींना पाऊण तास, तास, एका ठिकाणी तर दीड तास लागला होता. सरलाताई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे सगळं चित्र उभं राहिलं. बाईसाहेब सावलीला बसतात, गप्पा छाटतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात पाणी किती आहे हो, आणि त्याने ठोकून दिलेला आकडा भरून फोन बंद करतात. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय!

त्यांनी जानकीला फोन लावला.

"जानकी, सिमरा के कुएँ पर तुम गई थीं?"

"गए थे मैडम."

"तो बिंदु नीम के नीचे क्यों है?"

ती म्हणाली, "वहीं से हो पाता है, मैडम."

"क्या मतलब?"

"वहीं से हो पाता है," ती पुन्हा म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

आता सांगा, असं उत्तर देणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवेल? सरलाताईंनी त्याच दुपारी कौशिकच्या टेबलावर दोन पानांची टीप ठेवली. अकरा विहिरींचे नंबर, अंतरं, वेळा, फोटो. शेवटी एक ओळ, की जानकी देवी जागेवर न जाता माहिती भरतात असा सबळ संशय आहे.

कौशिकने वाचलं आणि कपाळ चोळलं. "मावशी, याच यादीवरून उन्हाळ्यात विहिरींची दुरुस्ती करायची आहे. पैसे देणाऱ्यांचा माणूस मेमध्ये तपासायला येतोय. तो कुठलीही विहीर उघडून बघेल."

"म्हणून तर सांगतेय."

"बिंदू तुम्हीच सरकवा ना. माउसने उचलून गोलावर ठेवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

बाई अशा भडकल्या की बाहेर मुग्धाने हेडफोन काढले. "मी नऊ वर्षं नसलेला बंधारा काढला, कौशिक. आता जी बाई विहिरीपर्यंत गेलीच नाही, तिचा बिंदू मी माझ्या हाताने विहिरीवर नेऊन ठेवू? हात झडेल माझा."

कौशिक दमलेला होता, पण अन्यायी नव्हता. शेवटी त्याने ठरवलं ते असं. जानकीला दहा दिवस द्यायचे. तिने स्वतः त्या अकरा विहिरींवर उभं राहून बिंदू पुन्हा घ्यायचे. झालं तर नेमणूक पुढे चालू, नाहीतर तीस एप्रिलला संपली. त्याने तसं पत्र धाडलं. पाच दिवस गेले, सहा गेले. जानकीकडून एकही नवा बिंदू आला नाही. सातव्या दिवशी सरलाताई म्हणाल्या, मी जाते आणि हातोहात धरते.

न कळवता जायचं, हे ओघाने आलंच. उन्हाळ्याचं पाणी पुन्हा मोजायला जानकी त्या दिवशी सिमरात असणार, हे त्यांनी फेरीच्या तक्त्यात बघून ठेवलं होतं. सकाळी सहाला संस्थेची जीप निघाली. सरलाताईंनी छत्री घेतली, पाण्याची बाटली घेतली आणि स्वतःचा वेगळा फोन घेतला, कारण जानकीच्या फोनवर त्यांचा भरवसा नव्हता. रस्ताभर त्या मनात प्रश्न रचत होत्या. गाडीवाल्याने मोठला चहासाठी थांबू का विचारलं तर म्हणाल्या, "चहा पीत बसलं की बातमी पुढे पोचते." गाडीवाला बिचारा बिनचहाचा पुढे निघाला.

सिमरात जीप त्यांनी गावाबाहेर उभी केली आणि पायी आत शिरल्या. एप्रिलचं ऊन नऊ वाजताच टाळूवर बसलं होतं. एका कुडाच्या भिंतीआडून त्यांना विहीर दिसली. दगडी चौथरा, चार पायऱ्या, वर गडगडी. आणि विहिरीपासून चाळीसेक पावलांवर नीम होता. त्याच्या खोडाशी जानकी उभी होती. पिशवी खांद्याला, एका हातात फोन, दुसऱ्यात मोजायची फीत.

'सापडली!' सरलाताई मनात म्हणाल्या, आणि तिथेच थांबून बघत राहिल्या.

जानकी बसली नाही. गप्पाही मारत नव्हती, कारण गप्पा मारायला कुणी नव्हतंच. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. सरलाताईंच्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या, गुडघे बोलायला लागले. ही बाई हलत का नाही? आता काय, विहीर चालत तिच्याकडे येणार आहे? पाऊण तासाने एक तरुण बाई दोन घागरी घेऊन आली. जानकी दोन पावलं पुढे झाली, काहीतरी बोलली, फीत जमिनीवर ठेवली आणि पुन्हा मागे सरली. ती बाई वाकली, फीत उचलली, चौथऱ्यावर चढली आणि वजन बांधलेलं टोक विहिरीत सोडलं. मग ओणवं होऊन तिने वाचलं आणि ओरडली, "नौ और... जा छोटी वाली लकीर, चार!"

"फिर से देखो दीदी," जानकी तिथूनच म्हणाली. "भीगा कहाँ तक है?"

बाईने फीत वर ओढली, ओला भाग बोटाने धरला, पुन्हा वाचलं. तेच आलं. जानकीने फोनवर आकडा भरला. बाई चौथऱ्यावरून खाली उतरली, फीत जमिनीवर ठेवून बाजूला झाली, मग जानकीने ती उचलली.

सरलाताई भिंतीआडून बाहेर आल्या. त्यांना अजूनही कळलं नव्हतं, खरंच सांगतो. आयुष्य नकाशावर गेलेलं, आणि चाळीस पावलांचा अर्थ कळला नव्हता! रागाने त्या म्हणाल्या, "जानकी! तुम खुद क्यों नहीं जातीं ऊपर?"

जानकी दचकली. तिने पदर सावरला. उत्तर दिलं ते त्या घागरीवाल्या बाईने, आणि ते काही वाईट मनाने नाही. आकाश वर असतं हे सांगावं इतक्या साधेपणाने ती म्हणाली, "जे कैसे चढ़ेंगीं? जे तो उन लोगन की हैं."

फॉर्मवर जानकी देवी एवढंच होतं, आडनाव नव्हतं. मी कुणाची जात विचारत नाही, असं सरलाताई चारचौघांत अभिमानाने सांगायच्या. विचारायची कधी वेळच आली नव्हती त्यांच्यावर, मग न विचारण्यात कसली आली थोरवी? पण हे मी आता म्हणतो. त्या क्षणी त्या फक्त नीमापासून विहिरीपर्यंतचं अंतर नजरेने मोजत होत्या.

"पहले क्यों नहीं बताया?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"बताया था," जानकी म्हणाली. "आपसे पहले जो साहब थे, उनको. उन्होंने कहा, कोई बात नहीं, ये गाँव किसी और को दे देंगे. तीन गाँव ले लिए. बाकी भी ले लेते तो हमारे पास क्या बचता?" मग म्हणाली, "आँकड़ा हमने एक भी झूठा नहीं भरा मैडम. हर जगह दो बार नपवाया है."

तेवढ्यात समोरच्या ओसरीवरून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ काठी टेकत आले. गाव त्यांना दद्दा म्हणत होतं. त्यांनी अदबीने हात जोडले आणि घरच्या लेकीला विचारावं तसं विचारलं, "आप कौन, बिन्नू?"

"सरला पागे. झाँसी से. पोखर संस्था."

"पागे!" दद्दांचा चेहरा खुलला. "दक्खिनी पंडित. अरे, धूप में काए ठाड़ी हो पंडिताइन? आओ, चबूतरे पे आओ. पानी पियो." त्यांनी घागरीवालीला खूण केली. तिने विहिरीतून ताजं पाणी शेंदलं.

सरलाताई चार पायऱ्या चढल्या. त्यांना खरंच तहान लागली होती, आणि खरं सांगायचं तर पाय आपोआपच चढले. ओंजळीने पाणी प्यायल्या. मग सवयीने त्यांनी आपला फोन काढला आणि जागा टिपली. बिंदू विहिरीच्या गोलावर जाऊन बसला. अचूकता तीन मीटर.

तेव्हा त्यांना लाज वाटली. अशी वाटली की कान तापले. खाली नीमाखाली जानकी उभी होती, तसाच फोन हातात घेऊन, त्यांच्यापेक्षा दुप्पट निगुतीने काम करणारी. आणि यांचा बिंदू अचूक आला तो कशाने? हुशारीने? स्थिर हाताने? छे! नाव पागे होतं म्हणून आला. त्यांना आठवलं, मागच्याच महिन्यात आशिषचे चार बिंदू असेच हुकले होते. आशिष म्हणजे संस्थेचाच दुसरा कार्यकर्ता, ओळखीच्या घरातला, बोलका, घरी येऊन वाकून नमस्कार करणारा. त्याच्या चार बिंदूंपुढे ह्यांनी स्वतःच्या हाताने 'सिग्नल' लिहिलं होतं आणि पुढे गेल्या होत्या. सगळ्या जगावर संशय घेते म्हणणारी बाई, तिचा संशयसुद्धा माणूस बघून पडत होता. हे त्यांना फार लागलं.

दद्दा चौथऱ्याच्या फुटक्या कडेवर काठी आपटत म्हणाले, "संस्था मरम्मत करा रही, ऐसो सुनो है. हमारे कुआँ को नंबर कब है?"

सरलाताईंनी पिशवीतून टॅब्लेट काढला आणि सिमरा उघडलं. दद्दा वाकले. घरं ओळखली, ओसरी ओळखली, देऊळ ओळखलं. मग त्यांचं बोट थांबलं. "जो लाल निशान का है?"

"आपका कुआँ."

"जो कुआँ है? जो तो नीम है!" दद्दांच्या मिशा थरथरल्या. "ऐसे में तो मिस्त्री आके नीम के तरें चबूतरा बना जैहै. सरासर गलत है. इए ठीक करो."

"गलत है," सरलाताई म्हणाल्या.

"तो आप अभईं कर दो पंडिताइन. आप तो कुआँ पे ठाड़ी हो."

करता आलं असतं. हातातल्या फोनवर बरोबर बिंदू आत्ताच बसला होता. ऑफिसात तर अर्ध्या मिनिटाचं काम, कौशिकने सांगितलंच होतं. सरलाताईंनी एकवार नीमाकडे बघितलं. तीस तारखेला चार दिवस उरले होते, आणि पत्रात शब्द स्पष्ट होते, की जानकीने स्वतः विहिरीवर उभं राहून बिंदू घ्यायचा. ते शब्द यांच्याच टिपेमुळे आले होते.

आणि मग सरलाताई पागे, ज्यांनी उभ्या आयुष्यात खोट्याचा वास सहन केला नाही, त्या दद्दांच्या डोळ्याला डोळा भिडवून सरळ खोटं बोलल्या.

"मुझसे नहीं होगा, दद्दा. मशीन मेरा हाथ नहीं मानती. जिसने पहले निशान लगाया, वही, अपने फोन से, कुएँ पर खड़े होकर ठीक करे, तभी ठीक होता है. नहीं तो आपका कुआँ सूची में नीम के नीचे ही रहेगा."

दद्दांनी डोळे बारीक केले. संशय म्हणजे काय, हे सरलाताईंना इतक्या जवळून पहिल्यांदाच दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बघायला मिळालं. "ऐसो होत है?"

"होता है."

"सरकारी नियम है?"

"मशीन का नियम है," बाई म्हणाल्या, आणि पापणीसुद्धा हलवली नाही.

दद्दा बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. एकदा फुटक्या चौथऱ्याकडे बघितलं, एकदा ओसरीवर जमलेल्या चार माणसांकडे. मग कुणाकडेच न बघता म्हणाले, "दो मिनट को काम है तो कर लेवे."

सरलाताई पायऱ्या उतरून नीमापाशी गेल्या. त्यांनी जानकीला हुकूम सोडला नाही. विचारलं. "जाओगी? नहीं जाना हो तो मत जाओ. मैं झाँसी जाकर लड़ लूँगी."

जानकीला ती मशीनची गोष्ट खोटी आहे हे चांगलं ठाऊक होतं. शिकवणीच्या दिवशी सरलाताईंनीच सगळ्यांना बजावलं होतं, की ऑफिसात बसून कुठलाही बिंदू सरकवता येतो, म्हणून कुणी माझ्याकडे ते मागायला येऊ नका. तिने सरलाताईंकडे टक लावून बघितलं, यात आणखी काही डाव आहे का ते ताडत. तिला तसा हक्कच होता. मग तिने चपला काढून नीमाच्या मुळाशी नीट जोडून ठेवल्या.

"जाएँगे," ती म्हणाली.

घागरीवालीने घाईघाईने आपल्या घागरी उचलल्या आणि चौथऱ्यावरून दूर नेऊन ठेवल्या. ओसरीवरचा एकजण उठून आत गेला. जानकी चार पायऱ्या चढली, विहिरीच्या कठड्यापाशी उभी राहिली आणि फोन हातात धरला. फोनला आकडा स्थिर करायला वेळ लागतोच. अठरा मीटर दाखवत होता. मग बारा. दद्दा खाकरले. मग नऊ. कुणीतरी म्हणालं, "हो गओ?" जानकीने मान हलवली नाही. सहा. ऊन दगडावर असं तापलं होतं की अनवाणी पाय ठेववत नव्हता, पण ती पाय बदलत नव्हती. सरलाताई खालून बघत होत्या. चार झाले. तीन झाले. तेव्हाच जानकीने बटण दाबलं. मग ती कठड्यावरून वाकली, सावकाश, आणि विहिरीत बघितलं. त्रेसष्ट विहिरींचं पाणी तिने लिहिलं होतं, पण या विहिरीतलं तिने डोळ्यांनी आज पाहिलं. फोटो काढला. वरून, आतला.

उतरून आली, चपला घातल्या आणि म्हणाली, "चलिए मैडम."

जीप गावाच्या तोंडाशी वळत होती तेव्हा मागून आवाज आला. बादलीभर पाणी दगडावर आपटल्याचा. मग दुसरी बादली, मग तिसरी. सरलाताईंनी मान वळवली. चौथऱ्यावर दोघंजण पाणी ओतत होते, आणि एकजण खराट्याने पायऱ्या घासत होता. उन्हाळ्याच्या दिवसांत, जिथे नऊ मीटरखाली पाणी गेलेलं!

"गाड़ी रोको!" सरलाताई ओरडल्या. रागाने त्यांचा आवाज चिरकला होता. "रोको म्हणते ना! मी त्या दद्दाला—"

"रहने दो मैडम," जानकी म्हणाली. तिने मागे वळूनही बघितलं नव्हतं. तिला तो आवाज बघून ओळखायची गरज नव्हती. ती मांडीवरच्या फोनमध्ये बघत होती. सिमराचा लाल बिंदू नीमाखालून उठून काळ्या गोलावर गेला होता, आणि त्यापुढे तिचं नाव होतं. "निशान चला गया. वो नहीं धुलेगा." मग गाडीवाल्याला म्हणाली, "भैया, आगे बाएँ लेना. अभी दस और हैं."

सरलाताई छत्रीची मूठ घट्ट धरून बसल्या होत्या. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. थोड्या वेळाने जानकीनेच विचारलं, अगदी कामाच्या सुरात, "मैडम, वो मशीन वाली बात. आगे भी बोलोगी न? दसों जगह?"

"बोलूँगी," सरलाताई म्हणाल्या. "दसों जगह बोलूँगी."

गाडीवाल्याने गाडी डावीकडे घेतली.